वारली चित्रांच्या छापाचे अर्थकारण

(सरावली, ता. डहाणू, जि. पालघर येथील व्याख्यानाचा मजकूर)



शहरातील मध्यमवर्गीय घरात पाहुण्यापुढे चहाचा पेला ठेवताना त्याखाली जी चार बोटे रुंदीची चकती सरकवली जाते तिला कोस्टर म्हणतात, आणि जेवणाच्या ताटाखाली अंथरावयाच्या आयताकृती तुकड्याला टेबलमॅट. टेबलाच्या पॉलिशवर डाग पडू नये, एवढाच या दोन्ही वस्तूंचा उपयोग. मुंबई-पुण्याच्या भेटवस्तूंच्या दुकानांत, प्रदर्शनांत आणि अलीकडे मोबाईलवरून चालणाऱ्या बाजारात या वस्तूंवर एक नक्षी हमखास आढळते : गेरूच्या रंगाची जमीन, तीवर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभी केलेली माणसे, तारपकऱ्याभोवती वेटोळे घालणारी नाचणाऱ्यांची रांग, ताडाची झाडे, बैल आणि नांगर. वेष्टनावर कधी ‘वारली’ असे लिहिलेले असते, कधी नुसतेच ‘ट्रायबल आर्ट’. ज्या भिंतींवरून ही नक्षी उचलली गेली त्या भिंती सरावलीच्या आसपासच्या पाड्यांत आणि डहाणू-तलासरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या मुलखात आहेत. तेव्हा या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा हिशेब मांडावयाचा तर तो येथेच मांडणे योग्य.

हिशेब तसा सरळ आहे. कोस्टरची किंमत कशाकशाची बनलेली असते? लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा तुकडा, त्यावरील रासायनिक लेप, खाली चिकटवलेले बुचाचे पातळ पान, शाई, कागद, वीज, छापणाऱ्याची मजुरी, खोलीचे भाडे, वेष्टन, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन आणि शासनाचा कर. यातील प्रत्येक बाबीसाठी कोणीतरी कोणालातरी पैसे मोजलेले असतात. फक्त एकच बाब अशी आहे की जिच्यापुढे हिशेबाच्या वहीत बहुधा आकडाच नसतो, आणि ती म्हणजे चित्र. वस्तुतः चित्र काढून टाकले तर उरणारी कोरी चकती भेट म्हणून कोणी कोणाला देणार नाही. ज्या घटकामुळे वस्तू विकली जाते तोच घटक फुकट, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. ती कशी निर्माण झाली हे समजून घ्यायचे तर आधी छपाईची क्रिया आणि मग चित्राचा इतिहास पाहावा लागेल.

क्रियेपासून आरंभ करू. नोएल द प्लास या फ्रेंच तंत्रज्ञाने १९५७ च्या सुमारास असे दाखवून दिले की काही विशिष्ट रंगद्रव्ये तापविली असता न वितळता एकदम वायुरूप होतात आणि पॉलिएस्टरच्या अंतरंगात शिरून तेथेच स्थिरावतात. कापूर वितळल्याशिवाय उडून जातो, तशीच ही घटना. हिला संप्लवन असे नाव आहे. या तत्त्वावर आजचा सारा व्यवसाय उभा आहे. संगणकावरील चित्र विशेष शाईने विशेष कागदावर छापतात. कागद लेप दिलेल्या चकतीवर पालथा घालतात, वर सुमारे दोनशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेली लोखंडी पाटी दाबतात आणि मिनिटभराने उचलतात. कागद सोलून काढला की चित्र चकतीत मुरलेले असते; ते नखाने खरवडले जात नाही आणि ओल्या फडक्याने पुसले जात नाही. सुताला मात्र हा रंग धरत नाही, त्याला पॉलिएस्टरच लागते. म्हणून कापडी टेबलमॅटवर ही नक्षी आली की हातमागाचा सुती तुकडा आपोआप बाद होतो व त्याच्या जागी कृत्रिम धाग्याचे कापड येते. चित्राबरोबर विणकराचाही काटा निघतो, हे जाता जाता नोंदवून ठेवावे.

या क्रियेतील दोन बारीक गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. कागदावरचे चित्र उलटे छापावे लागते, म्हणजे चकतीवर ते सुलटे उमटते. अक्षरे असली आणि यंत्र चालविणारा हे करावयास विसरला तर चूक तत्काळ डोळ्यात भरते. तारप्याच्या नाचाचे वेटोळे मात्र उलट्या दिशेने फिरू लागले तरी दुकानदाराला ते कळत नाही आणि गिऱ्हाईकालाही नाही. ज्यांना ते कळेल ती माणसे या व्यवहारात कुठेच नसतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या छपाईच्या नेहमीच्या शाईत पांढरा रंग नसतो. पांढरे दिसावयाचे तेथे काहीच न छापता चकतीचा मूळचा पांढरा लेप मोकळा सोडतात. आता वारली भिंतीवर काय घडते ते आठवा. कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेली असते, ती जमीन. तांदूळ वाटून त्याच्या पिठात पाणी घालतात, बांबूच्या काडीचे टोक ठेचून त्याचा कुंचला करतात आणि त्या पिठाने माणूस, मोर, झाड, बैल असे एकेक काढतात. चित्रातील प्रत्येक आकृती म्हणजे कोणीतरी वाटलेला तांदूळ आणि कोणीतरी फिरवलेला हात. यंत्र नेमके याच्या उलट करते. ते गेरूची जमीन छापते आणि माणसे रिकामी सोडते. तांत्रिक सोयीपलीकडे यात यंत्राचा काही हेतू नाही. परंतु या धंद्याचा ताळेबंद इतक्या अचूकपणे मांडणारा दुसरा दाखला अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही सापडणे कठीण. जमिनीपुरती शाई खर्ची पडते, माणसांवर काहीही खर्च होत नाही.

मूळच्या व्यवस्थेत हे चित्र विक्रीसाठी नव्हतेच. लग्नघरात सवासिनी भिंतीवर चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी, आणि शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणत आणि त्या गाण्यांतून देवांना बोलावणे जाई. चौकाशिवाय लग्न लागत नसे. लग्न आटोपले की चित्राचे काम संपले. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली, पुन्हा सारवली गेली, आणि चित्र गेले. त्याला उपयोगमूल्य होते, विनिमयमूल्य नव्हते. ही परिभाषा येथे तंतोतंत लागू पडते.

पण या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, जी कलेच्या देखण्या पुस्तकांत क्वचितच येते. ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी या मुलखातला वारली सावकाराच्या दारात उभा राहत असे. लग्नाच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा, आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही, जमीनदाराकडे राबावयास बांधली जात. लग्नगडी हा शब्द येथूनच आला. मुंबई प्रांतातील आदिवासी भागांची चौकशी करणारे सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३८ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील या विवाहगुलामीची नोंद आहे. सरकारी लेखणीला जे लिहावे लागले ते पुढे गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सविस्तर मांडले. थोडक्यात, भिंतीवर पालघाट आणि सावकाराच्या वहीत अंगठा, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडत. आज टेबलावरच्या चकतीकडे पाहून ‘किती निरागस, आनंदी जीवन’ असे उद्गार काढणाऱ्यांना या दुसऱ्या चित्राची कल्पना नसते.

ती वेठ आणि ती लग्नगडी मोडली ती कोणाच्या दयेने नव्हे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली, आणि त्यानंतर वेठबिगार न करण्याचा निर्धार पाड्यापाड्यांत पोहोचला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि पाच आदिवासी ठार झाले. ज्या काळात मजुरी म्हणजे मालक देईल ते, त्या काळात मजुरांनी वजन आणि दर या दोन आकड्यांत आपले म्हणणे मांडले, हा त्या लढ्याचा फार मोठा बौद्धिक पराक्रम होता. गवत डोंगरावर आपोआप उगवते, तेव्हा त्याचे काय पैसे मागता, असा जमीनदार-व्यापाऱ्यांचा रोख होता. त्यावर उत्तर असे होते की गवत आपोआप उगवते, पण ते आपोआप मुंबईच्या तबेल्यात जाऊन पडत नाही.

आजचा कोस्टरवाला नेमका जुन्या गवत-व्यापाऱ्याच्या युक्तिवादाने बोलतो. वारली चित्र ही परंपरा आहे, ती कोणा एकाची नाही, ती डोंगरातल्या गवतासारखी उगवलेली आहे, तेव्हा तिचे पैसे कोणाला द्यावयाचे, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न अगदीच बिनतोड नाही, आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. मात्र त्यातील लबाडी आधी ओळखली पाहिजे. श्रमाला एकदा निसर्ग म्हटले की त्याची किंमत शून्यावर येते.

चित्र भिंतीवरून कागदावर आले ते १९७० च्या दशकात. भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांना कागद वाटून आले होते. भिंतीवरचे चित्र कागदावर काढले तर ते विकता येते, आणि दुष्काळात घरात धान्य येते, असा तो प्रयोग होता. तेच कुलकर्णी पुढे डहाणूच्या पाड्यांत आले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद आला आणि चौकाच्या चौकटीबाहेर सारे जग त्यांनी रेखाटले : मासे पकडण्याचे जाळे, मुंग्यांची वारुळे, कापणी, आगगाडी. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातील प्रदर्शनात स्थान, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांच्या मागून अनेक तरुणांनी हात धरला आणि मजुरीसाठी वीटभट्टीवर वा होड्यांवर जाण्याऐवजी काही घरे चित्रांवर उभी राहिली. हे उपकार बाजाराचेच आहेत, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

तथापि याच संक्रमणात एक मूक हस्तांतर घडले. चौक लिहिण्याचा अधिकार सवासिनींचा होता. चित्राला दाम मिळू लागताच कुंचला बव्हंशी पुरुषांच्या हाती गेला. आपल्याकडे भाजीपाला, दूध, शिवणकाम, जे जे घरात विनामोल होते ते बाजारात आले की स्त्रीच्या हातून निसटते, हा अनुभव जुनाच आहे. आता यंत्राने दुसरा टप्पा गाठला आहे : पुरुषाच्याही हातून ते निसटले. पहिल्या टप्प्यावर निदान पैसा पाड्यातच राहिला. दुसऱ्या टप्प्यावर तो पाड्यापर्यंत येतच नाही.

याचे अर्थशास्त्रीय कारण समजावून घेऊ. हाताने काढलेल्या शंभर चित्रांना शंभर चित्रांचे श्रम लागतात. छापलेल्या शंभर कोस्टरांना चित्राचे श्रम एकदाच लागतात. पुढच्या प्रत्येक प्रतीवर चित्राचा वाढीव खर्च शून्य असतो. अशा वस्तूत सारा नफा, ज्याच्या हाती चित्राची मूळ प्रत आणि बाजारात जाण्याची वाट आहे, त्याच्याकडे वाहतो. यंत्राचा यात फारसा वाटा नाही. साधा हीट प्रेस हल्ली दुभत्या म्हशीपेक्षा स्वस्त मिळतो. उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न समाजवाद्यांनी आयुष्यभर मांडला, पण येथे ते साधन इतके स्वस्त झाले आहे की त्याच्या मालकीने फारसे काही साधत नाही. एखाद्या बचत गटाला अनुदानातून एक प्रेस मिळवून दिला, फीत कापली, छायाचित्र काढले, आणि त्या बायका शहरातल्या व्यापाऱ्याने पाठवलेली चित्रे त्यानेच पाठवलेल्या चकत्यांवर नगामागे काही पैशांनी दाबू लागल्या, तर ती गवत कापण्याचीच मजुरी झाली, आणि तीही दर न ठरवता.

मग कायदा काय म्हणतो? वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याखाली वारली चित्राची नोंदणी २०१४ मध्ये आदिवासी युवा सेवा संघ या संस्थेच्या नावे झाली. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु या कायद्याने रक्षण होते ते नावाचे. अधिकृत वापरकर्ता नसलेल्याने आपल्या मालावर ‘वारली चित्र’ असे लिहून गिऱ्हाइकाची दिशाभूल केली तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. पण नाव न लिहिता नुसतीच नक्षी छापली तर? त्रिकोणी माणसांवर या कायद्याचा हक्क पोहोचत नाही. ‘ट्रायबल आर्ट’ हे दोन शब्द वेष्टनावर का येतात याचा उलगडा येथे होतो. ‘वारली शैली’ असे लिहिणे ही आणखी एक पळवाट. ही बुजवण्याची तरतूद मात्र कायद्यातच आहे. बाविसाव्या कलमानुसार केंद्र सरकार काही वस्तूंना अधिसूचनेद्वारे अधिक संरक्षण देऊ शकते, आणि मग ‘शैली’, ‘प्रकार’, ‘नक्कल’ असे शब्द जोडूनही ते नाव वापरता येत नाही. जागतिक व्यापार करारात हे जादा संरक्षण युरोपच्या मद्यांना आरंभापासून मिळाले. द्राक्षाच्या दारूला जे मिळते ते तांदळाच्या पिठाला का मिळू नये, हा प्रश्न दिल्लीत विचारला गेला पाहिजे.

नावाच्या नोंदणीकृत मालकाला वा अधिकृत वापरकर्त्यालाच न्यायालयात उभे राहता येते, ही दुसरी मर्यादा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच धर्तीच्या चपला सादर केल्या, तेव्हा काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. दाद मागावयाची तर ती नोंदणीकृत मालकाने मागावी, हा न्यायालयाचा आशय होता. याचा डहाणूसाठी अर्थ स्पष्ट आहे. सहानुभूतीदार कितीही असोत, पाड्यातील चित्रकार अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले नसतील आणि त्यांची संस्था जागी नसेल, तर मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरते.

एखाद्या चित्रकाराची स्वतःची रचना असेल तर गोष्ट वेगळी. तेथे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो, आणि तो गरीब-श्रीमंत पाहत नाही. निर्मात्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे जिव्या मशे यांच्या चित्रांवरील हक्क २०७८ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. चित्र विकत घेणाऱ्याला कागद मिळतो, छापण्याचा हक्क मिळत नाही; तो लेखी करारानेच द्यावा लागतो. हे साधे सत्य किती चित्रकारांना सांगितले गेले आहे? परंतु याच कायद्याच्या पंधराव्या कलमात एक खड्डा आहे. जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्यावरील कॉपीराइट, मालकाने किंवा त्याच्या परवान्याने ती नक्षी लावलेल्या वस्तू यंत्राने पन्नासहून अधिक काढल्या की संपतो. मूळ चित्र वेगळे आणि वस्तूसाठी त्यापासून केलेली नक्षी वेगळी, असा भेद दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्याच वाटेने निर्णय दिला. त्यामुळे मूळ चित्राचा हक्क सहसा बुडत नाही. तरी कोस्टरांचा एक्कावन्नावा नग काढण्यापूर्वी, खरे म्हणजे पहिला नग बाजारात जाण्यापूर्वी, नवी नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवून घेणे शहाणपणाचे. ते संरक्षण दहा वर्षांचे, आणखी पाच वर्षे वाढवता येण्याजोगे. परंपरागत चौक नवा नसल्यामुळे कोणालाच असा नोंदवता येणार नाही. म्हणजे व्यापाऱ्यालाही नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

परंपरेच्या आकृतींचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो, आणि तो केवळ पैशाचा नाही. ऑस्ट्रेलियात असा एक खटला झाला. तेथील आदिवासी चित्रकारांच्या पवित्र कथांवरील चित्रे एका कंपनीने व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून घेतली आणि देशात आणून विकली. १९९४ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने सुमारे १ लक्ष ८८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरवली. निकालात लक्षणीय भाग असा की, जी चित्रे दीक्षा घेतलेल्यांनीच पाहावीत ती पायाखाली अंथरली गेल्याने चित्रकारांना आपल्या समाजात जी मान खाली घालावी लागली, तिचाही भरपाईत विचार झाला. कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि चित्रकारांच्या हाती दाम पडले नाहीत, ही कथेची शेवटची ओळ विसरू नये. त्या देशातही नकली आदिवासी वस्तूंचा बाजार पुढे चालूच राहिला, आणि २०१९ मध्ये इंडोनेशियात केलेल्या वस्तू आदिवासी कलाकृती म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला २३ लक्ष डॉलरचा दंड ठोठावावा लागला. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत या विषयावर २००० पासून समिती बसली आहे. मे २०२४ मध्ये जो करार झाला तो जनुकसंपत्ती आणि तिच्याशी निगडित ज्ञानाच्या पेटंटपुरता. चित्र, गाणे, नाच यांच्या वाट्याला त्यातून काही आले नाही. तेव्हा जिनिव्हाकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

जे शक्य आहे ते येथे, आणि दरांच्या भाषेत, शक्य आहे. छपाईला विरोध करणे निरर्थक होय. हाताने काढलेलेच चित्र खरे, असा आग्रह धरणारे कलारसिक अंतिमतः चित्रकाराला दुर्मीळ वस्तू बनवतात आणि त्याचे पोट थोड्या श्रीमंतांच्या मर्जीवर ठेवतात. शंभर रुपयांचे चित्रही ज्याला परवडत नाही त्या गिरणगावातील कुटुंबाने भिंतीवर छापील चित्र लावले तर त्यात पाप नाही. प्रश्न नगामागच्या दराचा आहे. समजा एक कोस्टर शंभर रुपयांना विकला जातो. त्यातील पाच रुपये चित्राचे, असे ठरले, आणि ते चित्र एखाद्या चित्रकाराची रचना असेल तर त्याला किंवा तिला, व परंपरेतील असेल तर गावाच्या निधीला मिळाले, तर व्यापारी बुडणार नाही. दुकानदाराचे कमिशन याहून कितीतरी अधिक असते. सरकारी एम्पोरिया, रेल्वे, पर्यटन महामंडळ, विद्यापीठे आणि पक्षोपपक्षांची संमेलने या भेटवस्तूंची मोठी गिऱ्हाइके आहेत. दराची पावती नसलेला वारली नक्षीचा माल आम्ही घेणार नाही, एवढी एक अट त्यांनी घातली तरी बाजाराला वळण लागेल. समाजवादी संमेलनांतही मानचिन्हे वाटली जातात, तेव्हा आरंभ तेथूनच करता येईल.

सहकारी संस्थेची सूचना कोणीही करील. ती योग्यच आहे, पण या जिल्ह्याला सहकाराचा एक कडू अनुभव आहे. बाळासाहेब खेरांच्या काळात, १९४७ पासून, ठेकेदाराला बाजूस सारून जंगलाचे कूप आदिवासींच्या जंगल कामगार सहकारी संस्थांना देण्याचे धोरण निघाले. कल्पना उदात्त होती आणि काही संस्थांनी चांगले कामही केले. इतर काहींत मात्र नावे आदिवासी सभासदांची राहिली आणि वही मुनीमाच्या काखेत. चित्रांच्या संस्थेत हे टाळावयाचे तर चित्रांच्या मूळ प्रती, परवान्यांचे करार आणि छापलेल्या नगांचा हिशेब या तीन गोष्टी सभासदांच्याच हाती राहिल्या पाहिजेत. आकडेमोड शिकलेली मुले-मुली आता पाड्यापाड्यांत आहेत. १९४७ साली ती नव्हती.

या साऱ्याला कायद्याचा आधार याच भूमीत उपलब्ध आहे. डहाणू आणि तलासरी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या चालीरीती, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्यास सक्षम ठरविले आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. या अधिकाराचा उपयोग आजवर प्रामुख्याने वाळू, जमीन आणि वनोपज यांच्यासाठी झाला. चित्र हीही सामूहिक साधनसंपत्ती आहे, असा ठराव कोणत्याही ग्रामसभेला करता येईल. कोणत्या आकृती विक्रीसाठी मोकळ्या, कोणत्या दराने, आणि कोणत्या मुळीच नाहीत, हे त्यात लिहावे. तारप्याचा नाच, कापणी, मासेमारी या आकृती पेल्याखाली गेल्या तर बहुधा कोणाची हरकत नसेल. पालघाट देवीचे तसे नाही. लग्नाच्या चौकात जिला गाणी म्हणून बोलावले जाते तिच्यावर ओल्या पेल्याचे वर्तुळ उमटावे की नाही, हे व्यापाऱ्याने, चित्रकाराने किंवा व्याख्यात्याने ठरवावयाचे नाही. त्या सभेला धवलेरींना आवर्जून बोलावले पाहिजे आणि ठरावाचा मसुदा आधी त्यांना वाचून दाखविला पाहिजे.